घोंगड्यानं चोळलेलं अंग

माझ्या मांड्यांवर आणि पोटावर मसुराच्या डाळीएवढे तांबूस डाग आहेत. दुखत नाहीत, खुपत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं डास चावले असतील. मलाही बरीच वर्षं तेच वाटायचं. हे लिहायला बसलो त्याचं कारण एवढंच, की असेच डाग अंगावर घेऊन आणखी कुणीतरी कुठंतरी वावरत असेल, आणि त्याच्यावर जीव असलेलं माणूस त्याला जोरजोरात चोळत असेल. त्या दोघांनी हे वाचावं. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या.

घरापासून लांब

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली पोरं गलाईच्या कामाला देशभर पांगलेली असतात. गलाई म्हणजे सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी आणायचं, भट्टीत वितळवायचं, त्यात मिसळलेला दुसरा धातू काढायचा आणि शुद्ध करून परत द्यायचं. माझ्या मामाचं असं दुकान बुलढाणा जिल्ह्यात चिखलीला आहे. शाळा सुटल्यावर त्यानं मला तिकडं नेलं. निघताना आईनं काळं घोंगडं दिलं, आजोबांच्या मेंढरांच्या लोकरीचं. "परक्या मुलखात काय दुखलं-खुपलं तर हे पांघरून पड. मी हाय असं समज," म्हणाली.

मामाचं घर लहान, म्हणून मी शेजारच्या गल्लीत जमीलाखालाकडं खोली घेतली. खाला म्हणजे मावशी. तिचे मालक रशीदचाचा गाद्या-रजया भरतात. पुढं दुकान, मागं घर, अंगणाच्या कडेला माझी खोली. चाचा कापूस भरायचे, खाला लांब दाभणानं टाके घालायची. राहायला जाऊन थोडेच दिवस झाले असतील, खालानं मला अडवलं.

"काय रे संतोष, तू जेवतो का नुस्ता डबा धुऊन ठेवतो?"

"जेवतो की."

"मंग गाल काऊन बसून राह्यले तुहे? आजपासून आमच्यातच बसत जाय. एका भाकरीनं काई आमी गरीब होत नाई."

तिची लेक लग्न होऊन मोताळ्याला गेलेली, घरात दोघंच. त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्याकडं. मला ताप आला तर खाला कपाळावर पट्ट्या ठेवायची, डोकं दुखलं तर तेल लावायची. माझ्या आईनं केलं नसतं असं तिनं काही ठेवलं नाही.

पित्ती

पहिला झटका आला तो काही वर्षांनी, मी विशीला टेकलो होतो तेव्हाच्या उन्हाळ्यात. दिवसभर भट्टीसमोर होतो. घरी येऊन कढत पाण्यानं आंघोळ केली, पंच्यानं खसाखसा अंग पुसलं, आणि कान एकदम तापले. तळहात खाजायला लागले. बघता बघता पोटावर, पाठीवर, गळ्यापर्यंत लाल गांधी उठल्या.

खालानं दारातूनच पाहिलं. "पित्ती उठली याले. ओ, गेरू आणा जरा."

गेरू आणि घोंगडं. आमच्या आटपाडीतही हेच करतात. पित्त उठलं की गेरू उगाळून लावायचा आणि खरखरीत लोकरीनं अंग चोळायचं, म्हणजे पित्त बसतं. घोंगडं तर माझ्याकडं होतंच. खालानं मला बाजेवर आडवं घातलं आणि माझ्या आईच्या घोंगड्यानं पाठ, मांड्या, पोट रगडून काढलं. हाताला जोर लई तिच्या. मला आठवतंय, मला रडू येत होतं, पण दुखत होतं म्हणून नाही. लोकरीचा वास घरचा होता.

मग तोंडात तांब्याच्या नाण्यासारखी चव आली. पोटात मुरडा आला. खालाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला आणि एक गोष्ट मला अगदी स्पष्ट कळली: आपण आता मरतोय. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, की हे वाटणंसुद्धा त्या आजाराचंच लक्षण आहे. पण ते ठाऊक झाल्यावरही त्यातलं भय तसूभर कमी होत नाही.

डोळे उघडले तेव्हा सरकारी दवाखान्यात होतो, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, बीपी लागतच नव्हता. काहीतरी खाण्यात आलं असेल, पुन्हा खाऊ नका. आता काय खाल्लं होतं, ते कुणालाच सांगता येईना. वरणभात.

प्रत्येकाचं एक कारण

त्यानंतर झटके येतच राहिले. दोन महिने काही नाही, मग एकाच पंधरवड्यात दोनदा. आधी वांगी बंद झाली, मग अंडी, मग मासळी, मग शेंगदाणे. मामा म्हणाला, "तेजाबाचा धूर बाधला तुला. त्या अ‍ॅसिडात धातू गाळताना धूर निघतो नव्हं?" आणि त्यानं मला भट्टीवरून उठवून पुढं काट्यावर बसवलं. रशीदचाचाला वाटायचं नजर लागली. एकदा पाठ धरली म्हणून दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, तर सुई निघायच्या आधीच मी खुर्चीवरून खाली. त्या डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. त्यांनीच जीव वाचवला, पण त्यानंतर गावात कुठलाही दवाखाना मला औषध द्यायला कचरायला लागला.

आणि प्रत्येक वेळी, दवाखान्यात न्यायच्या आधी, खाला गेरू आणि घोंगडं घेऊन यायची. तिचं मन राहायचंच नाही. गांधी बसायच्या त्या शेवटी आपल्या आपण बसायच्या, पण आम्हाला वाटायचं चोळण्यानं बसल्या. मग पुढच्या वेळी ती आणखी जोरात चोळायची.

ते वर्ष मी कसं काढलं ते नीट सांगता येणार नाही. हसताना भ्यायचो, कारण हसलं की अंग तापतं. जिना चढताना भ्यायचो. आंघोळीला बसलो की कडी लावायचो नाही. रस्त्यानं चालताना मनात सारखा हिशोब, इथं पडलो तर कोण उचलेल, इथून दवाखाना किती लांब. झोपताना दार उघडं ठेवायचो. माझ्या वयाची पोरं लग्नाच्या गोष्टी करत होती आणि मी दुकानात बसून आपल्याच तळहाताकडं बघत होतो, खाज सुटतीय का. कधी कधी वाटायचं, यायचं ते एकदा येऊन जाऊ दे. हे मी मामालाही बोललो नाही.

आईचा फोन आला की आवाज खणखणीत काढायचो.

"जेवलास का रं?"

"जेवलो."

"आन घोंगडं हाय न्हवं? पांघरतोस का?"

"पांघरतो की रोज."

तिला झटक्यांतलं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून केलं काय असतं? एवढ्या लांबून रडली असती.

पेनाचं मागचं टोक

शेवटी मामाच्या ओळखीच्या सराफानं सांगितलं, बुलढाण्याला एक कातडीच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांना दाखवा. मामाला दुकान सोडता येत नव्हतं. खाला म्हणाली, "मी जातो याच्यासंगं. त्याले रस्त्यात काई झालं तं कोण पाहीन?" एसटीत तिनं मला खिडकीशी बसवलं आणि पिशवीत गेरूची पुडी, घोंगडं दोन्ही घेतलं होतं.

डॉक्टर बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शर्ट वर करा." झटक्यांबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, पण डागांकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, कारण मीच दाखवले नव्हते. डाग हा आजार आहे, असं मनातच आलं नव्हतं.

त्यांनी हातातलं पेन उलटं केलं आणि मागच्या बोथट टोकानं एका डागावर पाच-सहा वेळा घासलं. मग चष्मा वर करून नुसत्या बघत बसल्या. आम्हीही बघत बसलो. तो डाग लाल झाला, फुगला, गांधीलमाशी चावल्यावर येते तशी गाठ आली. शेजारची साधी कातडी घासली, तिथं काही नाही.

"घरी कुणी अंग चोळतं का?"

खाला पुढं सरकली. "हाव, मीच. गेरू लावतो अन् याच्या मायच्या कांबळीनं रगडतो. तवा उतरते ते."

"उतरत नाही हो. त्यानं वाढतं."

"अवं बाई, आमी लहानपणापासून..."

"साध्या पित्ताला चालत असेल. याला नाही. याला चोळणं म्हणजे आगीवर रॉकेल." बाई रागानं बोलत नव्हत्या. "तुम्हाला कसं ठाऊक असणार? आम्हालाही चटकन ओळखू येत नाही."

 खालानं दोन्ही हात हळूच ओढणीखाली घेतले आणि पुढं घरी पोचेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

भित्र्या राखणदारांची गोष्ट

बाईंनी मला समजेल असं सांगितलं, आणि मी इथं तसंच सांगतो. कातडी, मांस, हाडं, नळ्या, हे सगळं शरीरात सुटं सुटं नसतं. त्यांना धरून ठेवणारं, सांधणारं एक जाळं असतं. त्याला संयोजी ऊती म्हणतात. त्या जाळ्यात निरनिराळ्या पेशी राहतात. त्यांतल्या एका जातीचं नाव मास्ट पेशी. तिचं पोट बारीक दाण्यांनी गच्च भरलेलं असतं. ती राखणदार. बाहेरचं काही घुसलं की ती दाणे फोडते, रक्त तिकडं धावतं, सूज येते, खाज येते. प्रत्येक माणसात त्या असतात आणि त्या लागतातच.

"तुमच्यात त्या जास्त झाल्या आहेत," बाई म्हणाल्या, "आणि त्या भित्र्या आहेत. ऊन लागलं, अंग घासलं, एखादं औषध गेलं, माशी चावली, की सगळ्या एकदम दाणे फोडतात. मग नळ्या सैल पडतात आणि बीपी कोसळतो."

मला हसू आलं. मी म्हणालो, "म्हणजे माझ्यासारख्याच आहेत की."

त्या मात्र हसल्या नाहीत. आता हाडातला मगज तपासायला हवा म्हणाल्या. या पेशी तिथंच जन्मतात. तिथं त्या किती आहेत आणि कुठल्या जातीच्या, यावर सगळं आहे. सावकाश वाढणाऱ्या जातीच्या असतील तर माणूस जगतो. दुसऱ्या जातीच्या असतील तर त्या बाकीच्या अवयवांना जागा ठेवत नाहीत.

मगज

ती तपासणी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात झाली. कंबरेच्या हाडात जाड सुई घालतात. जागा बधिर करतात, तरी आतून काहीतरी ओढून निघतंय हे कळतं. मी पालथा होतो, समोरच्या भिंतीचा रंग गेलेला, तेवढंच बघत होतो. एक सिस्टर माझं मनगट धरून उभी होती. "दाबा माझा हात, लागला तर मी सांगेन," म्हणाली. मी दाबला. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मग वाट बघणं. वॉर्डात सकाळी झाडू, मग बीपी, मग डॉक्टरांचा घोळका. माझ्या खाटेपाशी घोळका जास्त वेळ थांबायचा. शिकणारी पोरं-पोरी डाग बघायला यायची आणि सर सांगायचे, घासू नका, नुसतं बघा. एवढ्या लोकांनी एवढं लक्ष देऊन माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. साध्या आजाराकडं कोण असं बघतं?

खाला खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची. ताट आणून द्यायची, पण दुरून. पाणी द्यायची, पेला खाली ठेवायची, मी उचलायचा. आधी मला वाटलं हिला विटाळ वाटतो की काय, किंवा लागण होईल म्हणून भिते. एकदा सरळ विचारलं.

"खाला, हे लागत नाही कुणाला. डॉक्टर म्हणालेत."

"मले ठाऊक हाय."

"मग लांब का बसतेस?"

तिनं चादरीचा काठ सारखा केला. "पोरा, मी तुले बरं कराले गेलो अन् माह्याच हातानं तू मरून राह्यला होता. आता हे हात तुह्याजवळ कशाले आणू?"

मी तिला काय काय सांगितलं. तुला माहीत नव्हतं. माझ्या आईनंही तेच केलं असतं. ती "हाव, हाव" म्हणत राहिली आणि स्टूल होतं तिथंच ठेवलं.

निकालाच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "बघायच्या आहेत का तुमच्या पेशी?" त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. आधी सगळं धूसर, मग एकदम स्वच्छ. गुलाबी-निळ्या गर्दीत एका जागी झुंड करून बसलेल्या पेशी. काही गोल, काही दोन्ही टोकांना निमुळत्या, आजी लोकर कातायची त्या चातीसारख्या. आणि सगळ्यांच्या पोटात जांभळे दाणे ठासून भरलेले.

"नेहमीच्या रंगात ह्या नीट ओळखू येत नाहीत," त्या म्हणाल्या. "वेगळा रंग घालावा लागतो, तेव्हा दाणे दिसतात."

हे मला लगेच पटलं. आमच्या धंद्यातही पिवळं दिसतं म्हणून सोनं नसतं. कसोटीवर रेघ ओढून तेजाब लावल्यावर कळतं काय आहे ते. मी डोळा काढला नाही. जिच्या भीतीनं वर्षभर दार उघडं ठेवून झोपलो, ती ही. एवढीशी. माझ्याच हाडातली.

"कुठल्या जातीच्या आहेत?" मी विचारलं.

"सावकाश. ह्या जाणार नाहीत, पण ह्यांच्यासोबत म्हातारी झालेली माणसं आहेत."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. खाला दोन पायऱ्या सोडून बसली आणि तीही रडली.

इंजेक्शन कोण देणार

सुटका झाली असं वाटलं, तर ती झाली नव्हती. सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काय टाळायचं ते सांगितलं, आणि औषधाची काचेची छोटी बाटली आणि सिरिंज दिली. मोठा झटका आला तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. तेव्हा बाटलीची मान मोडायची, औषध ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं. "तुम्हाला स्वतःला जमेल असं धरू नका, तुम्ही शुद्धीवर नसाल. घरातल्या कुणीतरी शिका."

घरात कोण? चाचाला बाटलीवरच्या खुणा दिसत नव्हत्या. मामा दिवसभर दुकानात. राहिली खाला. सिस्टरनं मोसंबी आणून तिच्यापुढं ठेवली, सुई कशी घालायची ते दाखवायला. जन्मभर गाद्यांना दाभण घालणारी बाई, पण तिनं सिरिंज हातात घेतली नाही.

"मी नाई. दुसऱ्या कोणाले सांगा."

"दुसरं कोण आहे, मावशी?"

"माह्या हातानं लय झालं, बाई."

चिखलीला परत आलो. औषधाचा डबा खिडकीत ठेवला. घोंगडं खालानं जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकलं. मी मामाला म्हणालो, मला गावी पोचव. तर तो म्हणाला, "तिथनं दवाखाना किती लांब, ठाऊक हाय न्हवं?" म्हणजे इथं राहिलो तर हात लावणारं कुणी नाही, आणि घरी गेलो तर दवाखाना नाही. त्या दिवसांत मी फार खचलो. आजार ओळखला गेला, मास्ट पेशींचा आजार असं नाव मिळालं, आणि तरी मी त्याच जागी उभा होतो.

एवढं मात्र दिसलं, की मामानं माझ्यासाठी आणून फळीवर ठेवलेली मोसंबी कमी होत होती. सोललेली सालं कुठं दिसत नव्हती, आणि उरलेल्या एकावर सुईची बारीक भोकं होती.

गांधीलमाशी

दुपारची वेळ. चाचा नमाजला गेले होते. अंगणात कापसाचं पोतं सावलीत ओढत होतो आणि पोत्याच्या घडीतून गांधीलमाशी निघाली. मानेवर चावली. मला आधी कळलंच नाही, नुसतं चटका बसल्यासारखं. मग कान तापले. तोंडात तांब्याची चव. मी "खाला" म्हणालो की नुसतं तोंड उघडलं, ठाऊक नाही.

ती दारात आली. मी जमिनीवर होतो. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मला दिसलं, आणि मला वाटलं ही आता जागची हलणार नाही. ती आत गेली. मला वाटलं, गेली.

मग बाटलीची मान मोडल्याचा बारीक आवाज आला.

ती माझ्याजवळ बसली. ओठ हलत होते, बहुतेक दुवा म्हणत होती. पायजम्यावरूनच मांडीत सुई गेली, सरळ, गादीत दाभण जातं तशी. मग तिनं माझे पाय उचलून त्याच कापसाच्या पोत्यावर ठेवले आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडली, "रिक्षा आणा रे कोणी."

रिक्षा येईपर्यंत मी थरथरत होतो. हृदय छातीवर आपटत होतं, सगळं अंग खाजेनं पेटलं होतं. जवळचं माणूस असं तडफडताना दिसलं की आपले हात आपोआप त्याच्या पाठीवर फिरायला लागतात. तिचेही पुढं आले. मी डोळे उघडे ठेवून बघत होतो.

तिनं हात माझ्या कपाळावर ठेवला. नुसता ठेवला, हलवला नाही.